टाकी सतरा

फहाहीलच्या मासळी बाजारात
पापलेटचे कल्ले अंगठ्याने उचलून
गफूर चोगले आधी वास घ्यायचे, मग भाव विचारायचे.
विकणारा चिडायचा.
"तुज्यावर भरोसा हाय बाबा,
माशावर नाय."

मी नागोठण्याहून नवा आलेलो.
आयटीआयचं सर्टिफिकेट प्लास्टिकच्या फोल्डरात
आणि पलंगाच्या डोक्याशी चिकटवलेला एक बॅट्समन,
षटकार मारून आभाळाकडे बघणारा.
चोगल्यांनी चष्मा पुसून तो फोटो न्याहाळला.
"यानं सोडलेल्या चेंडूचा फोटो
कोन काडत नाय काय?"
मला वाटलं, म्हाताऱ्याला क्रिकेट कळत नाही.

त्यांचं काम वायू तपासण्याचं.
टाकी रिकामी झाली की मॅनहोलशी गुडघे टेकायचे,
नळी आत सोडायची, मीटर वाचायचा,
परमिटवर सही करायची.
त्या सहीवर बारा माणसं आत उतरत.

"सडक्या अंड्याचा वास येतोय तवर भिऊ नको,"
पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं होतं,
"वास यायचा बंद झाला की पळ."
मी हसलो. ते हसले नाहीत.

ऑगस्ट. शटडाऊनचा नववा दिवस.
समुद्राकडून ओली वाफ येत होती,
हेल्मेटच्या पट्ट्यातून घाम हनुवटीवर ठिबकत होता.
टाकी सतरा.
मीटरवर शून्य.
पुन्हा शून्य. तिसऱ्यांदाही.
चोगल्यांनी पेनाचं टोपण काढलं,
आत वाकून पाहिलं
आणि टोपण परत लावलं.

"तळाचा गाळ अजून झोपलेला नाय," एवढंच म्हणाले.

व्हिन्सेंटसाहेब घड्याळावर बोट आपटत राहिला.
आवाज चढले. अरबी, इंग्रजी, मल्याळम,
हिंदीतल्या शिव्या तर सगळ्यांनाच येत होत्या.
चोगले उलट्या बादलीवर बसून राहिले,
मुलीचं स्थळ मोडून परत निघालेल्या बापासारखे,
मान खाली, पण उठेनात.

सहा तास ब्लोअर नुसताच घोंघावला.
रात्री दुसऱ्या कुणी सही केली.
आम्ही उतरलो, गाळ उपसला, वर आलो.
बारा गेले, बारा आले.

त्या दिवशी काहीच घडलं नाही.
ही एवढीच त्यांची मर्दुमकी,
आणि तिला पुरावा नाही.
ते बरोबर होते की उगाच भ्याले
हे गाळाला विचारावं, तर तोही केव्हाच जळाला.

खरं सांगतो,
बारांतला एक मी,
आणि मला राग आला होता बुडालेल्या ओव्हरटाइमचा.
आठवड्याने त्यांचं तिकीट निघालं,
तेव्हा मी विमानतळावर गेलो नाही.
ड्युटी होती, म्हणालो.
नव्हती.
खोलीवर आलो तर माझ्या पलंगाखाली
अर्धी बरणी लोणचं, दोरीने तोंड बांधलेली.
बाणकोटचा पत्ता मागायचा राहून गेला.

आता मीटर माझ्या हातात असतो.
गोरखपूरचा एक पोरगा विचारत होता,
उस्ताद, तुमचा हीरो कोण?
मी मोबाइलमध्ये जुना ग्रुप फोटो शोधला.
सगळे दात दाखवतायत.
मागच्या रांगेत चोगले,
अर्धा चेहरा कुणाच्या तरी हेल्मेटआड.
बोटांनी मोठा करत गेलो,
तर नुसते चौकोन उरले.

काल टाकीत शून्य होतं.
मी वाकलो, नाक लावलं,
गाळाकडे बराच वेळ पाहिलं.
सही केली.
मग जेवायला गेलो नाही,
मॅनहोलपाशी बादली उलटी घालून बसलो.
संध्याकाळी एकेक हेल्मेट वर येऊ लागलं.
नऊ. दहा. अकरा.
बाराव्याला वेळ लागला.

आला, पाणी प्याला,
आणि तोंड पुसत म्हणाला,
असं काय बघता?